सात मीटर व्यासाची विहीर

निफाड-दिंडोरीकडे विहीर काढायची ठरली की पहिला प्रश्न पाण्याचा आणि दुसरा पैशाचा. या दुसऱ्या प्रश्नात वर्तुळाची निम्मी भूमिती येऊन जाते. समजा, बांधून झालेली विहीर आतून 6 मीटर व्यासाची हवी आहे आणि बांधकामाची जाडी अर्धा मीटर ठेवायची आहे. म्हणजे खोदायचं 7 मीटर व्यासानं. मुरूम उपसण्याचा खर्च या सात मीटरच्या वर्तुळावर, क्षेत्रफळ सुमारे 38.5 चौरस मीटर. पाणी मात्र आतल्या सहा मीटरच्या वर्तुळात साठणार. त्याचं क्षेत्रफळ 28.3, म्हणून पातळी एक मीटर चढली की अंदाजे 28,300 लिटर पाणी आलं. बांधकाम या दोहोंच्या मधल्या कड्याचं. मोठ्यातून लहान वजा केलं की उरतं 10.2. आणि आतल्या काठावरून लोखंडी कठडा फिरवायचा, तर क्षेत्रफळ बाजूला ठेवून परीघ काढायचा, 18.85 मीटर.

विहीर एकच, पण प्रत्येक वेळी मोजायची गोष्ट वेगळी. माझं मत असं की वर्तुळाच्या गणितात अडचण सूत्रांची नसतेच. परीघ 2πr आणि क्षेत्रफळ πr² हे दहावीच्या मुलाला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येतं. गुण जातात ते यातलं काय विचारलंय हे न बघता आकडे कोंबल्यामुळे. व्यास दिलेला असताना तोच त्रिज्या म्हणून टाकला की क्षेत्रफळ थेट चौपट होतं. शेतातही हेच. ‘सहाची बारा मीटर केली तर खोदाई दुप्पट’ असं धरून चालणाऱ्याच्या हिशेबात मोठा खड्डा पडतो. कठडा दुप्पट लागेल, पण खोदाई तेवढ्याच खोलीसाठी जवळपास साडेतीनपट होईल.

उदाहरणासाठी सातच का घेतले? कारण हाच आकडा भास्कराचार्यांनी घेतला होता. 1150 साली, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी त्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणि’ पूर्ण केला. ‘लीलावती’ हा त्याचाच पहिला भाग, आणि तिच्यात हा प्रश्न आहे: व्यास 7, तर परीघ किती आणि क्षेत्रफळ किती? भास्कराचार्यांच्या घराण्याची एक खूण आपल्या जवळच आहे. नाशिक रोडला भुसावळकडे जाणाऱ्या गाडीत बसलं की मनमाड, नांदगाव आणि मग चाळीसगाव. तिथून जवळच पाटणादेवी. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव हे यादव राजा सिंघणाचे ज्योतिषी. आजोबांच्या ग्रंथांचं अध्ययन व्हावं म्हणून त्यांनी तिथेच, पाटणला मठ काढला आणि निकुंभ राजांनी त्याला 1207 साली दान दिलं. हे सांगणारा शिलालेख भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला. लेख संस्कृतात आहे, पण शेवटी मठाला काय-काय द्यायचं हा व्यवहाराचा भाग आला की भाषा मराठी होते!

परिघासाठी भास्कराचार्य दोन रीती देतात. व्यासाला 3927 ने गुणून 1250 ने भागा, म्हणजे सूक्ष्म उत्तर मिळेल. किंवा 22 ने गुणून 7 ने भागा; हे स्थूल, पण व्यवहाराला पुरेसं. व्यास 7 असेल तर स्थूल परीघ बरोब्बर 22, सूक्ष्म 21.9912. क्षेत्रफळ स्थूल रीतीनं 38.5, सूक्ष्म रीतीनं 38.4846. आता आपल्या विहिरीकडे या. खोली 12 मीटर धरली तर स्थूल रीतीनं 462 घनमीटर खोदाई, सूक्ष्म रीतीनं 461.8. फरक 185 लिटरचा, दोनशे लिटरच्या एका पिंपाइतकासुद्धा नाही. खोदकाम करणाऱ्याला हा फरक सांगायला गेलात तर तो हसेल. ‘व्यवहाराला पुरेसं’ हे शब्द भास्कराचार्यांनी उगाच वापरलेले नाहीत. 3927/1250 म्हणजे 3.1416, आर्यभटानं साडेसहाशे वर्षं आधी दिलेलं 62832/20000 संक्षिप्त केलं की हेच मिळतं.

क्षेत्रफळाचा त्यांचा नियम मला शाळेतल्या सूत्रापेक्षा सोयीचा वाटतो: परिघाला व्यासाच्या चौथाईनं गुणा. 22 गुणिले पावणेदोन, साडेअडतीस. त्रिज्येचा वर्ग नको की काही नको. पण हे खरं कशावरून? त्याचं उत्तर चारशे वर्षांनी नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी दिलं. (हे नांदगाव मघाच्या रेल्वे स्टेशनचं नव्हे, कोकणातलं, मुरूडजवळचं.) ‘लीलावती’वरच्या 1545 सालच्या ‘बुद्धिविलासिनी’ टीकेत ते वर्तुळाचे दोन अर्धे करायला सांगतात. प्रत्येक अर्ध्याचे केंद्रापासून टोकदार तुकडे पाडायचे, परिघाची कड सरळ ताणायची, की करवतीच्या दातांसारखी रांग तयार होते. दोन्ही रांगा एकमेकींत बसवल्या की आयत! लांबी अर्धा परीघ म्हणजे 11, रुंदी त्रिज्या म्हणजे साडेतीन, गुणाकार साडेअडतीस. तुकडे जितके बारीक, तितका आयत नेटका. मुलांना πr² पाठ करायला लावण्याआधी एकदा गोल कागद आणि कात्री त्यांच्या हाती द्या. याच टीकेत 3927/1250 कुठून येतं तेही आहे: वर्तुळात षट्कोन काढून त्याच्या बाजू दुप्पट-दुप्पट करत 384 पर्यंत न्यायच्या.

अर्धवर्तुळाची परिमिती हा परीक्षेतला ठरलेला सापळा. दिवाळीत घरोघर करंज्या होतात, त्यांच्यावरच बघू. 10 सेंटिमीटर व्यासाची पारी दुमडली की वळणाची कड 15.7 सेंटिमीटर. पुस्तकी परिमितीत दुमडीची सरळ बाजूही धरायची, म्हणून 25.7, मुलं नेमका हा व्यास विसरतात. पण कातणं फिरवणारी बाई सरळ बाजूला कशाला जाईल? तिच्यासाठी उत्तर 15.7 च.

आता वर्तुळ अख्खं हातात नसेल तर? नाशिकला गोदाकाठच्या मातीच्या गढीवर 1950-51 साली ह. धी. सांकळिया आणि शां. भा. देव यांनी उत्खनन केलं. अशा ठिकाणी सापडतात ती बहुतेक खापरं; भांड्याचं तोंड केवढं होतं हे काठाच्या तुकड्यावरूनच ताडायचं. ‘लीलावती’त प्रश्न आहे: व्यास 10, जीवा 6, तर शर किती? उत्तर 1. शर म्हणजे जीवेच्या मध्यापासून कंसापर्यंतचं अंतर. हाच प्रश्न उलटा केला की तुकड्यावरून व्यास मिळतो. अर्ध्या जीवेचा वर्ग, भागिले शर, अधिक शर: 9 भागिले 1, अधिक 1, झाले 10.

दिवाळीच्या आवराआवरीत घरात एखादी बांगडी वाढवली, तर तुकडे लगेच टाकू नका. त्यातला मोठा तुकडा पट्टीवर ठेवा आणि आतल्या कडेची जीवा व शर मोजा. जीवा 50 मिलिमीटर आणि शर 15 भरला, तर 625 भागिले 15, अधिक 15, म्हणजे जवळपास 57 मिलिमीटर, सव्वादोन इंच. कासाराकडे गेलात की याच मापाची, म्हणजे ‘दोन-चार’ची बांगडी मागा.