रक्त पातळ करणारी गोळी आणि डोक्याला लागलेला मार



मी डॉक्टर नाही. बी.कॉम. करून बँकेत लागलो आणि सगळी नोकरी लोकांच्या सह्या तपासण्यात गेली. पण ही गोष्ट एका सहीवरूनच लक्षात आली, म्हणून लिहितो आहे.

माझे थोरले साडूभाऊ निवृत्त शिक्षक आहेत, वय चौऱ्याहत्तर. हृदयाचे ठोके अनियमित असल्याने त्यांना रक्त पातळ करणारी गोळी चालू होती. दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरचे डबे काढताना ते स्टुलावरून घसरले आणि डोकं चौकटीवर आपटलं. लहानसं टेंगूळ आलं. हळद लावली, चहा घेतला, "काही नाही झालं" म्हणाले. आम्हीही तेच धरून चाललो.

नोव्हेंबरच्या शेवटी हयातीचा दाखला द्यायला मी त्यांच्यासोबत बँकेत गेलो. त्यांचं अक्षर फळ्यावर लिहिल्यासारखं सरळ. त्या दिवशी मात्र सही खाली खाली उतरत गेली आणि शेवटचं अक्षर चौकटीबाहेर पडलं. वयच झालं आता, असं म्हणून मी हसलो. जन्मभर सह्या पाहिलेल्या माणसाने ती चूक करायला नको होती. चार दिवसांनी त्यांचा उजवा पाय ओढू लागला आणि सुनेला हाक मारताना नाव आठवेना. मग गाडी केली. बालाघाट, गोंदिया आणि शेवटी नागपूर. सीटी स्कॅनमध्ये कवटी आणि मेंदू यांच्यामध्ये साचलेलं जुनं रक्त दिसलं. कवटीला दोन छिद्रं पाडून ते काढावं लागलं.

पडल्यावर पाच आठवड्यांनी असं का व्हावं, हे डॉक्टरांनी समजावलं. वय वाढतं तसा मेंदू थोडा आकसतो, कवटी मात्र तेवढीच राहते. मेंदूवरून आवरणाकडे जाणाऱ्या बारीक शिरा त्यामुळे ताणलेल्या असतात आणि साध्या हिसक्यानेही तुटू शकतात. एरवी अशी गळती लवकर थांबते. गोळी चालू असेल तर रक्त गोठायला वेळ लागतो आणि ते थेंब थेंब साचत राहतं. आत रिकामी जागा असल्याने सुरुवातीला काहीच जाणवत नाही. म्हणूनच "मला बरं वाटतंय" या शब्दावर विसंबता येत नाही.

हा उशीर मोठ्या लोकांनाही चुकत नाही. ब्राझीलचे राष्ट्राध्यक्ष लूला ऑक्टोबर २०२४ मध्ये न्हाणीघरात पडले, डोक्याला मार लागला. मेंदूतल्या रक्तस्रावासाठी त्यांची शस्त्रक्रिया झाली ती १० डिसेंबरला, म्हणजे सात आठवड्यांनी. आपले माजी राष्ट्रपती प्रणव मुखर्जी ऑगस्ट २०२० मध्ये घरातल्या न्हाणीघरातच पडले होते. मेंदूतली रक्ताची गाठ काढली, पण त्याच महिन्यात ते गेले. म्हाताऱ्या माणसाचं पडणं किती महागात जातं, एवढ्यासाठीच ही नावं घेतली.

आता गोळ्यांविषयी. वॉरफेरिन, असिट्रोम, डॅबिगॅट्रान, रिव्हारोक्सॅबॅन, अ‍ॅपिक्सॅबॅन या रक्त गोठू न देणाऱ्या. क्लोपिडोग्रेल आणि इकोस्प्रिन यांचं काम वेगळं, त्या रक्तातल्या प्लेटलेट एकमेकींना चिकटू देत नाहीत. पण घरात सगळ्यांना "हृदयाची गोळी" एवढंच नाव असतं.

यातल्या वॉरफेरिनची कथा शेतकऱ्यांना आवडेल. अमेरिकेत बुरशी लागलेलं स्वीट क्लोव्हर नावाचं वाळलं गवत खाऊन गुरं रक्तस्रावाने मरत. १९३३ च्या फेब्रुवारीत एड कार्लसन नावाचा शेतकरी मेलेली कालवड, ते गवत आणि कॅनभर न गोठलेलं रक्त घेऊन, हिमवादळातून सुमारे तीनशे किलोमीटर दूर कार्ल लिंक या शास्त्रज्ञाकडे पोहोचला. त्या शोधातून वॉरफेरिन आलं. १९४८ मध्ये ते आधी उंदरांचं औषध म्हणून विकलं गेलं, माणसांसाठी नंतर. याचा अर्थ गोळी विष आहे असा मुळीच नाही! ती लकवा टाळते. घाबरून मनाने बंद करू नका, त्याने दुसरंच संकट यायचं.

करायचं काय? गोळी घेणाऱ्या माणसाच्या डोक्याला मार लागला, तर तो हसतखेळत असला तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा, गोळीचं नाव सांगा आणि सीटी स्कॅन करायचा का, हे स्वतःहून विचारा. ब्रिटनच्या नाइस या संस्थेच्या २०२३ च्या सूचनांतही, रक्त न गोठू देणारी गोळी चालू असेल तर लक्षणं नसतानाही मार लागल्यापासून आठ तासांत स्कॅनचा विचार करावा असं आहे. एकट्या अ‍ॅस्पिरिनवाल्यांना ही अट नाही. परसवाड्याहून निदान बालाघाट तरी गाठायचं असतं, त्यामुळे "सकाळी बघू" म्हणण्यात अर्धी मुदत निघून जाते. स्कॅन चांगला आला तरी पुढचे काही आठवडे लक्ष ठेवा. वाढती डोकेदुखी, उलटी, गुंगी, बोलण्यात अडखळणं, एका बाजूची कमजोरी, फिट, यातलं काहीही दिसलं तर लगेच १०८ ला फोन करा.

दुखतं म्हणून ब्रुफेन किंवा डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन घेऊ नका, त्याने रक्तस्राव वाढू शकतो. असिट्रोम किंवा वॉरफेरिन घेणाऱ्यांनी आयएनआर तपासणी चुकवू नये. पावसाळ्यात एकदम रोज तरोट्याची भाजी आणि नंतर महिनाभर काहीच नाही, असंही करू नये. हिरव्या पालेभाज्यांतलं व्हिटॅमिन के गोळीचा परिणाम कमी करतं. भाजी खा, पण प्रमाण सारखं ठेवा.

सत्तरीपुढच्यांसाठी २९ ऑक्टोबर २०२४ पासून उत्पन्नाची अट न ठेवता आयुष्मान कार्ड मिळतं, भरती होऊन घेतलेल्या उपचारांसाठी कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत. ते आधीच काढून ठेवा. साडूभाऊंचं नव्हतं, धावपळीत आमचा एक दिवस त्यातच गेला. गोळीचं नाव, मात्रा आणि शेवटचा आयएनआर लिहिलेली चिठ्ठी आता त्यांच्या पाकिटात असते, आणि दुसरी त्यांच्या सुनेच्या मोबाईलच्या कव्हरमध्ये.