पेडल स्टीलचं वजन आणि तिचा आवाज

दोन गळे, प्रत्येक गळ्यावर दहा तारा, पोटाखाली सळ्या आणि लिव्हरांचं जाळं, चार पाय, आठ पेडल. अमेरिकेतल्या कंट्री संगीताची ओळख बनलेली ही पेडल स्टील गिटार पेटीसकट तीस किलोंच्या पुढे सहज जाते. रात्रीचा कार्यक्रम आटोपून ती गाडीत चढवताना पन्नाशीपुढच्या वादकाची पाठ बोलू लागते, आणि हलकी गिटार घेण्याचा विचार मनात येतो. पण भीती वाटते ती आवाजाची. वजन कमी झालं तर तो भरीव, लांबवर टिकणारा सूरही जाईल का? नॅशव्हिलपासून टेक्सासपर्यंतचे वादक आणि कारागीर यावर अनेक दशकं वाद घालत आले आहेत.

या वाद्याची थोरली बहीण आपल्या ओळखीची आहे. मुंबईच्या चित्रपटसंगीतात व्हॅन शिप्ले यांनी लोकप्रिय केलेली हवाईयन गिटार आणि १९६७च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या ध्वनिमुद्रिकेत ब्रिजभूषण काबरा यांनी रागसंगीतात वाजवलेली गिटार एकाच घराण्यातल्या. गिटार आडवी ठेवायची आणि तारा बोटांनी न दाबता त्यांवरून धातूचा दांडा सरकवायचा. अमेरिकेत या आडव्या गिटारीला पाय फुटले, पेडल लागली आणि गुडघ्याने ढकलायचे लिव्हर आले. १९५४ साली वेब पियर्सच्या ‘स्लोली’ या गाण्यात बड आयझॅक्सने एक तार तशीच वाजत ठेवून दुसरीचा स्वर पेडलने चढवला. ते ऐकून कंट्रीतले स्टीलवादक आपापल्या वाद्यांना पेडल बसवून घेण्याच्या मागे लागले.

काबरांच्या गिटारीत पोकळ लाकडी पेटी आवाज मोठा करते. पेडल स्टीलमध्ये हे काम पिकअप आणि अॅम्प्लिफायर करतात. पिकअप म्हणजे चुंबकाभोवती गुंडाळलेली तार. पोलादी तारेची थरथर तो विजेत बदलतो. मग लाकूड मेपलचं आहे की आणखी कशाचं, याने काय फरक पडावा?

फरक पडतो, पण आडमार्गाने. दोरीचं एक टोक भिंतीतल्या पक्क्या खुंटीला बांधून झटका दिला तर लहर टोकाला आपटून परत येते. तेच टोक कुणी सैल हातात धरलं असेल तर लहर त्या हातातच विरते. तारेचंही तसंच. तिची दोन टोकं जितकी ठाम, तितकी तिची शक्ती तारेतच फिरत राहते आणि स्वर टिकतो. टोकाशी काही हलत असेल तर ते काही कंपनं गिळतं, बहुतेकदा वरच्या पट्टीतली आधी, आणि आवाजाचा पोत बदलतो. जड आणि ताठ बांधणी टोकं ठाम ठेवायला मदत करते. वजनाच्या बाजूने बोलणाऱ्यांचा मुद्दा इथे खरा आहे.

मात्र पेडल स्टीलमध्ये तारेचं उजवं टोक मुळातच हलतं असावं लागतं. तार तिथे ‘चेंजर’च्या अॅल्युमिनियमच्या बोटावरून जाते. पेडल दाबलं की सळी ओढली जाते, बोट फिरतं, तार ताणली जाते. म्हणजे इतर गिटारींत जो घोडा घट्ट बसवलेला असतो, तो इथे एका आसावर फिरणारा सुटा भाग आहे. आवाजाचं सगळं भांडण या बोटाभोवती आहे, असं म्हटलं तरी चालेल.

याचं सर्वात बोलकं उदाहरण म्हणजे एमन्स कंपनीची ‘पुश-पुल’ गिटार. बडी एमन्स हा या वाद्याचा बहुधा सर्वात प्रभावी वादक. शॉट जॅक्सनबरोबर त्याने शो-बड कंपनी उभी केली आणि १९६०च्या दशकात तिथून बाहेर पडून स्वतःच्या नावाची गिटार बाजारात आणली. तिच्यात स्वर चढवायला सळी ओढते आणि उतरवायला ढकलते. पेडल मोकळं असताना बोट ठाम आधाराला टेकून उभं राहतं. ही रचना जुळवायला किचकट, दुरुस्ती करणाऱ्याची परीक्षा पाहणारी. नंतरच्या ‘ऑल-पुल’ रचनेत सगळंच ओढून होतं आणि जुळवणी खूप सोपी. तरीही पुश-पुलच्या आवाजावर जीव टाकणारे वादक आजही जुन्या एमन्स शोधत फिरतात. तितक्याच जड ऑल-पुल गिटारींना तो आवाज मिळत नाही, असं ते सांगतात. तसं असेल तर श्रेय किलोंना कसं द्यायचं?

बांधणी कमजोर असली की काय होतं, तेही कानाला कळतं. दहा तारांची मिळून ओढ शंभर किलोंच्याही वर असते. पेडल दाबून दोन तारा एका पूर्ण स्वराने चढवल्या की ओढ आणखी वाढते, लाकडी बॉडी किंचित वाकते आणि ज्या तारांना हातही लावलेला नाही त्यांचा स्वर थोडा उतरतो. वादक याला ‘कॅबिनेट ड्रॉप’ म्हणतात. फरक असतो थोडक्या सेंटचा, म्हणजे अर्धस्वराचे शंभर भाग केले तर त्यातल्या काही भागांचा. पण तीन स्वर एकत्र वाजत असताना तेवढाही खुपतो. इथे उपयोगी पडतो तो ताठपणा. वजन वाढवलं म्हणून ताठपणा येतोच असं नाही.

बाकीच्या साहित्याबद्दल मतं भरपूर. अॅल्युमिनियमचा गळा चकचकीत वाजतो आणि लाकडी गळा उबदार, हे बहुतेकांना मान्य. मेपलवर लॅकर असावं की सनमायका, यावर मात्र एकमत नाही. आणि सनमायकाखाली कधी अखंड मेपल तर कधी थराथरांचं दाबलेलं लाकूड असतं, त्यामुळे नुसता मुलामा पाहून निकाल देणं चूकच. धातूच्या नादी लागण्याचा धडा तर १९३०च्या दशकातच मिळाला होता. रिकनबॅकरची अख्खी अॅल्युमिनियममध्ये ओतलेली ‘फ्राइंग पॅन’ गिटार रंगमंचाच्या दिव्यांखाली तापून बेसूर व्हायची. पुढे त्याच कंपनीने बेकलाइटची गिटार काढली.

वजनाच्या समजुतीला मोठा धक्का दिला तो कार्बन फायबरने. एमएसए कंपनीने या शतकाच्या सुरुवातीला ‘मिलेनियम’ नावाची गिटार अशा हलक्या आणि अतिशय ताठ बॉडीवर उभी केली, आणि व्यावसायिक वादकांनी ती स्वीकारली. तिचा आवाज जुन्या मेपलसारखा नाही, असं म्हणणारे आहेत. स्वर टिकत नाही, अशी तक्रार मात्र तिच्याबद्दल करता येत नाही.

एका ठिकाणी वजन थेट ऐकू येतं, ते म्हणजे डाव्या हातातल्या दांड्यात. साधारण पाव किलोचा हा पोलादी दांडा तारेचं दुसरं टोक असतो. हलका दांडा घेतला की स्वर पातळ होतो आणि लवकर विझतो. कुठलाही वादक हे पाच मिनिटांत दाखवून देईल. हजारो डॉलरची गिटार बदलण्याआधी दांडा बदलून पाहणं केव्हाही स्वस्त.

म्हणून पेडल स्टील विकत घेणाऱ्याने ताजवा आधी बाजूला ठेवावा. अॅम्प्लिफायर बंद करून एकेक तार छेडावी, ती किती वेळ वाजते ते ऐकावं, मग ट्यूनर लावून पेडल दाबावं आणि न चढवलेल्या तारांचा काटा किती सरकतो ते पाहावं. या दोन परीक्षांत उतरलेली गिटार पंधरा किलोंची असली तरी खुशाल घ्यावी.