संगणकाचा बिघाड आणि कारणाचा शोध

निवासी शाळेच्या संगणक कक्षात येणारे संगणक बहुधा नवे कोरे नसतात. एखाद्या कार्यालयाने किंवा माजी विद्यार्थ्याने आपला वापर संपल्यावर ते दान दिलेले असतात. त्यांत पुष्कळदा विंडोज ७ ही ऑपरेटिंग सिस्टीम, म्हणजे संगणकाची कार्यकारी प्रणाली, असते. काही महिने संगणक नीट चालतो. मग एके दिवशी आवाज येईनासा होतो, इंटरनेट जोडले जात नाही, प्रिंटर ओळखला जात नाही, किंवा पडदा निळा होऊन यंत्र आपोआप बंद-चालू होऊ लागते. "हा संगणक गेला" असा निकाल दिला जातो, त्यावर कापड पडते आणि आधीच एका संगणकासमोर तिघे-चौघे बसणाऱ्या मुलांसाठी आणखी एक यंत्र कमी होते.

वस्तुस्थिती अशी की यांपैकी बरेच संगणक 'गेलेले' नसतात. त्यांचे सुटे भाग शाबूत असतात. बिघडलेली असते ती आज्ञावली, आणि ती बहुधा एकही पैसा खर्च न करता दुरुस्त होते. त्यासाठी अभियंत्याची पदवी लागत नाही. लागते ती कारण शोधण्याची शिस्त. आठवी-नववीच्या विद्यार्थ्याला ती शिकवता येते, हे सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच.

यंत्राला लहर नसते

बिघडलेल्या संगणकाविषयी आपण जी भाषा वापरतो ती लक्षात घेण्यासारखी आहे. "आज त्याचा मूड नाही", "नजर लागली", "व्हायरस शिरला असेल". या सर्व वाक्यांत कारणाचा शोध नाही. शोध टाळण्याची सोय आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात दैवी चमत्कारावरील विश्वास हा धम्म नव्हे, असे स्पष्ट केले आहे. प्रत्येक घटनेला कारण असते आणि ते कारण मानवी कृतीत किंवा निसर्गनियमात सापडते, ही त्यामागील भूमिका. संगणक हे तर माणसाने घडवलेले यंत्र. त्याच्या बिघाडामागे कारण असलेच पाहिजे, आणि पुष्कळदा ते कारण संगणक स्वतःच लिहून ठेवत असतो. ते कोठे लिहिलेले असते, एवढेच ठाऊक असावे लागते.

ड्रायव्हर म्हणजे दुभाषा

संगणकाला जोडलेले प्रत्येक उपकरण, मग ते ध्वनीचे असो, चित्राचे असो, नेटवर्कचे असो वा छपाईचे, आपापल्या रीतीने चालते. ऑपरेटिंग सिस्टीमला प्रत्येक कंपनीच्या प्रत्येक उपकरणाची रीत ठाऊक असणे शक्य नाही. म्हणून उपकरण बनवणारी कंपनी एक छोटी आज्ञावली पुरवते. तिला ड्रायव्हर म्हणतात. ऑपरेटिंग सिस्टीम आणि उपकरण यांच्यामधील हा दुभाषा होय. दुभाषा नसेल, चुकीचा असेल किंवा जखमी असेल, तर दोन्ही बाजू धडधाकट असूनही संवाद होत नाही. आपण मात्र उपकरण जळाले असे समजतो.

विंडोज ७ बाजारात आली २२ ऑक्टोबर २००९ रोजी. त्या वेळी अस्तित्वात असलेल्या उपकरणांचे अनेक ड्रायव्हर तिच्यात अंतर्भूत होते. नंतर निघालेल्यांचे असणे शक्य नव्हते. उदाहरणार्थ, यूएसबी ३.० चा ड्रायव्हर मूळ विंडोज ७ मध्ये नाही. त्यामुळे नव्याने विंडोज ७ टाकल्यावर निळ्या रंगाच्या यूएसबी खाचेत जोडलेला माऊस कधीकधी हलतच नाही. तो माऊस फेकण्याआधी काळ्या खाचेत, म्हणजे सहसा जुन्या यूएसबी २.० मध्ये, जोडून पाहावा.

पहिली पायरी : पाहणे

'स्टार्ट' मधील 'कॉम्प्युटर' या शब्दावर माऊसची उजवी कळ दाबून 'मॅनेज' निवडावे आणि डाव्या बाजूच्या 'डिव्हाइस मॅनेजर'वर जावे. येथे संगणकातील सर्व उपकरणांची हजेरी मांडलेली असते. ज्याच्यापुढे पिवळ्या त्रिकोणात उद्गारचिन्ह असेल, तेथे अडचण आहे. खाली तोंड केलेला बाण असेल, तर ते उपकरण कोणीतरी बंद करून ठेवले आहे. उजव्या कळीने 'एनेबल' निवडले की काम झाले.

खूण असलेल्या नावावर दोनदा टिचकी मारल्यास 'डिव्हाइस स्टेटस' या चौकटीत एक क्रमांक दिसतो. तो वहीत उतरवून घ्यावा. क्रमांक २८ म्हणजे ड्रायव्हर बसवलेलाच नाही. क्रमांक १० म्हणजे उपकरण सुरू होऊ शकत नाही. ड्रायव्हर चुकीचा असण्याचा संभव मोठा. ३९ म्हणजे ड्रायव्हर खराब झाला आहे किंवा त्याची फाइल हरवली आहे. ४३ म्हणजे उपकरणानेच दोष कळवला आहे. येथे प्रथम जोडणी काढून पुन्हा करावी व तेच उपकरण दुसऱ्या संगणकावर तपासावे. ५२ म्हणजे ड्रायव्हरवरील डिजिटल स्वाक्षरीची खातरजमा झाली नाही.

या शेवटच्या क्रमांकाने अनेकांना चकवले आहे. २०१९ नंतरच्या पुष्कळ ड्रायव्हरांवरील स्वाक्षरी एसएचए-२ या पद्धतीची आहे. ती ओळखण्याची क्षमता विंडोज ७ ला नंतरच्या सुधारणांतून मिळाली. ज्या संगणकावर त्या सुधारणा बसवलेल्या नाहीत, तेथे अचूक ड्रायव्हरही नाकारला जातो.

एक अपवाद ध्यानात ठेवावा. पडद्यावरील अक्षरे भलतीच मोठी व धूसर दिसत असतील, तर 'डिस्प्ले ॲडॉप्टर्स'खाली 'स्टँडर्ड व्हीजीए ग्राफिक्स ॲडॉप्टर' असे लिहिले आहे का ते पाहावे. तेथे पिवळी खूण नसते. पण याचा अर्थ चित्राचा खरा ड्रायव्हर नसून कामचलाऊ दुभाषावर काम भागवले जात आहे, असाच होतो.

उपकरणाची ओळख पटवणे

ड्रायव्हर नाही हे कळले. पण कोणता हवा? 'अननोन डिव्हाइस' एवढेच लिहिलेले असेल, तर त्याच खिडकीतील 'डिटेल्स' या भागात जाऊन 'हार्डवेअर आयडीज' निवडावे. तेथे दिसणाऱ्या ओळीत चार अक्षरांचे दोन संकेत असतात. पहिला संकेत कंपनीचा, दुसरा त्या उपकरणाचा. कंपनीच्या जागी ८०८६ असेल तर इंटेल, १००२ असेल तर एएमडी, १०डीई असेल तर एनव्हीडिया आणि १०ईसी असेल तर रिअलटेक. नाव पुसले गेले तरी कुळ सापडते ते असे.

ड्रायव्हर घेताना दोन गोष्टी जुळल्या पाहिजेत : विंडोजची आवृत्ती आणि ती ३२ बिटची आहे की ६४ बिटची. 'कॉम्प्युटर'वर उजवी कळ दाबून 'प्रॉपर्टीज' पाहिल्यास हे समजते. ड्रायव्हर शक्यतो संगणकाच्या किंवा उपकरणाच्या मूळ कंपनीकडूनच घ्यावा. नेटवर्कचा ड्रायव्हर नसेल तर इंटरनेट नाही, आणि इंटरनेट नसेल तर ड्रायव्हर उतरवता येत नाही. हा पेच शेजारच्या चालू संगणकावरून पेनड्राइव्हने सुटतो. सर्वच ड्रायव्हर नव्याने बसवायचे असतील, तर प्रथम चिपसेटचा, मग चित्राचा, नेटवर्कचा आणि ध्वनीचा, हा क्रम ठेवावा.

"एका टिचकीत सर्व ड्रायव्हर अद्ययावत" अशी आश्वासने देणाऱ्या फुकट आज्ञावलींपासून मात्र दूर राहावे. त्यांच्यासोबत पुष्कळदा नको त्या जाहिराती आणि आज्ञावली येतात. केसपुत्त येथील कालामांना बुद्धांनी सांगितले की केवळ ऐकले म्हणून, परंपरेने आले म्हणून किंवा सांगणारा थोर वाटतो म्हणून काही स्वीकारू नका. स्वतः तपासून पाहा. "सगळे पुसून विंडोज नव्याने टाका" या पहिल्याच सल्ल्यालाही हाच निकष लावावा. तो शेवटचा उपाय आहे. त्यात मुलांचे साठवलेले काम जाण्याचा धोका असतो.

दुसरी पायरी : इतिहास वाचणे

इतिहासाच्या अभ्यासकाला विंडोज ७ मधील एक सोय विशेष आवडावी. 'कंट्रोल पॅनेल'मधील 'ॲक्शन सेंटर' उघडून 'मेंटेनन्स' या भागातील 'व्ह्यू रिलायबिलिटी हिस्टरी' निवडल्यास संगणकाची दिनदर्शिका समोर येते. कोणत्या दिवशी कोणती आज्ञावली बसवली, कोणती कोसळली, विंडोज कधी अचानक बंद पडली, हे तारीखवार नोंदलेले असते. संगणकाच्या स्थैर्याला १ ते १० या मापात गुण दिलेले असतात. आलेख ज्या दिवशी खाली घसरला, त्याच्या आधी काय बदलले हे पाहावे. एकामागोमाग एक घडले म्हणून पहिले दुसऱ्याचे कारण ठरतेच असे नाही. हा इतिहासलेखनाचा नियम येथेही लागू आहे. परंतु शोध कोठून सुरू करावा हे मात्र कळते.

तिसरी पायरी : परतीची वाट

नवा ड्रायव्हर बसवल्यानंतर बिघाड सुरू झाला असेल, तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या उपकरणाच्या 'ड्रायव्हर' भागात 'रोल बॅक ड्रायव्हर' ही कळ आहे. तिने आधीचा ड्रायव्हर परत येतो. ती कळ फिकट दिसत असेल, तर आधीचा ड्रायव्हर साठवलेला नाही असे समजावे. दुसरा मार्ग 'सिस्टीम रिस्टोअर'चा. त्याने आज्ञावली आणि ड्रायव्हर पूर्वीच्या तारखेच्या स्थितीत जातात. आपले लेख, चित्रे जशीच्या तशी राहतात.

विंडोज सुरूच होत नसेल, तर संगणक चालू करताच एफ८ ही कळ पुनःपुन्हा दाबावी. 'सेफ मोड'मध्ये फक्त अत्यावश्यक ड्रायव्हर घेतले जातात. संगणक तेथे नीट चालला, तर मूळ यंत्रणा बहुधा ठीक आहे आणि दोष वगळलेल्या ड्रायव्हरांत किंवा आज्ञावलींत शोधावा, असा तर्क निघतो. निळा पडदा क्षणात नाहीसा होत असेल, तर याच यादीतील आपोआप पुन्हा सुरू होणे थांबवण्याचा पर्याय निवडावा. म्हणजे पडद्यावरील दोषक्रमांक उतरवून घेता येतो.

या सर्वांत एकच पथ्य : एका वेळी एकच बदल. तीन उपाय एकदम केले आणि संगणक सुरू झाला, तर दुरुस्ती होते, ज्ञान होत नाही.

ड्रायव्हरचे नसलेले दोष

काही दोष ड्रायव्हरचे वाटतात, पण नसतात. दररोज घड्याळ मागे जात असेल आणि प्रत्येक संकेतस्थळ 'सुरक्षित नाही' म्हणत असेल, तर मदरबोर्डवरील सीआर२०३२ हा नाण्याएवढा सेल संपला आहे. तारीख चुकली की संकेतस्थळांची प्रमाणपत्रे मुदतबाह्य किंवा मुदतीआधीची ठरतात. सेल बदलून तारीख लावली की दोन्ही तक्रारी मिटतात.

प्रिंटरला दिलेले एखादे काम अडकून पुढची सारी कामे थांबत असतील, तर 'सर्व्हिसेस'मधील 'प्रिंट स्पूलर' थांबवावे, विंडोजमधील सिस्टीम३२, त्यातील स्पूल, त्यातील प्रिंटर्स या फोल्डरमधील फाइली पुसाव्यात आणि स्पूलर पुन्हा सुरू करावे.

जुनी प्रश्नपत्रिका उघडल्यावर मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांचा अर्थहीन गुंता दिसत असेल, तर ती युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टंकलेली आहे. तो फॉन्ट बसवावा किंवा मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करावा. विंडोज ७ मध्ये मंगल, कोकिळा, अपराजिता आणि उत्साह हे देवनागरी युनिकोड फॉन्ट मुळातच आहेत. 'रीजन अँड लँग्वेज'मधून मराठी कळफलक जोडला की मुले आपल्या भाषेत लिहू लागतात.

मर्यादेचे भान

विंडोज ७ चा आधार १४ जानेवारी २०२० रोजी संपला. त्यानंतर सामान्य वापरकर्त्यांना तिच्या सुरक्षाविषयक सुधारणा मिळणे बंद झाले. गूगल क्रोमची १०९ ही तिच्यावर चालणारी शेवटची आवृत्ती. म्हणून शिष्यवृत्तीचे अर्ज, बँकेचे व्यवहार, आधार क्रमांकाची कामे या संगणकांवर करू नयेत. टंकलेखन, गणिते, चित्रकला, प्रोग्रामिंगचे पहिले धडे यांसाठी ते अजून उपयुक्त आहेत. इंटरनेट आवश्यकच असेल, तर लिनक्सच्या एखाद्या हलक्या आवृत्तीचा किंवा सी-डॅकने भारतीय भाषांसह विकसित केलेल्या बॉस लिनक्सचा विचार करावा. त्यांना परवाना शुल्क नाही.

नोंदवही आणि पाटी

प्रत्येक संगणकाजवळ एक नोंदवही असावी. तारीख, लक्षण, आधी काय बदलले, कोणता उपाय केला, परिणाम काय झाला; एवढे पाच रकाने पुरेत. ती विद्यार्थ्यांनी लिहावी. वर्षभरात ती वही कोणत्याही तंत्रज्ञापेक्षा त्या यंत्राला अधिक ओळखू लागेल.

आणि अनेक संगणक कक्षांच्या दारावर असलेली "संगणकास हात लावू नये" ही पाटी उतरवावी. ज्या समाजाला शतकानुशतके हेच शब्द पाण्यापाशी, पोथीपाशी आणि शाळेच्या दारात ऐकावे लागले, त्याच्या मुलांनी ते ज्ञानाच्या नव्या साधनापाशी पुन्हा वाचू नयेत. त्या जागी "कारण शोधा, नोंद करा, मग हात लावा" असे लिहावे.

माजी विद्यार्थ्यांना एक विनंती. शाळेला जुना संगणक देताना त्याची ड्रायव्हरची डिस्क, मॉडेल क्रमांक आणि प्रवेशाचा पासवर्डही सोबत द्यावा. त्याहून मोठे दान द्यावयाचे असेल, तर एक रविवार द्यावा आणि पाच मुलांना डिव्हाइस मॅनेजर वाचायला शिकवावे. संगणक आज ना उद्या कालबाह्य होईल. कारण शोधण्याची सवय लागलेले मूल मात्र पुढे कोणत्याही यंत्रासमोर, आणि कोणत्याही अन्यायासमोर, "हे असेच असते" असे म्हणून गप्प बसणार नाही.