शिंजीर पक्षी व त्याचें घरटें

फुलासमोर हवेंत जागच्या जागीं राहून मध पिणाऱ्या हमिंगबर्ड पक्ष्याचीं वर्णनें वाचकांच्या पाहण्यांत आलीं असतील. तो पक्षी अमेरिका खंडाबाहेर कोठेंहि आढळत नाहीं. आपल्या सातारा-सांगलीकडे पळस, पांगारा व जास्वंदी यांच्या फुलांवर जो चिमुकला काळा पक्षी येतो तो शिंजीर होय. त्याचें कूळ निराळें. तो हवेंत क्वचितच थांबतो. बहुधा डहाळीस धरून आपली बांकदार चोंच फुलांत घालतो.

त्याची लांबी सुमारें ४ इंच. विणीच्या हंगामांत नर जांभळ्या झांकेचा काळा असतो. मादी वरून तपकिरी, खालून पिवळसर. हंगामानंतर नरहि पिवळसर होतो व गळ्यापासून पोटापर्यंत एक काळा पट्टा तेवढा राहतो.

वीण मुख्यतः उन्हाळ्यांत होते. मादी गवताचे तंतू, सालीचे तुकडे व वाळलीं पानें कोळ्याच्या जाळ्यानें गुंफून झुडपास लांबट पिशवी टांगते. तिला एका बाजूस तोंड व त्यावर लहानशी पडवी असते. दुरून हा सारा कचराच वाटतो, आणि बांध साफ करितांना अशीं घरटीं नकळत तोडलीं जातात. म्हणून कोयता चालविण्यापूर्वीं वीस पावलांवर अर्धी घटका स्वस्थ बसून पाहावें. मादी तेथें वरचेवर येत असेल किंवा तोंडांतून तिची चोंच दिसत असेल, तर तें झुडूप महिना-सव्वा महिना राखावें. अंडीं बहुधा दोन असतात. तीं मादी एकटीच सुमारें १५ दिवस उबविते. पिलांस मात्र नर-मादी दोघेंहि किडे व कोळी भरवितात. ह्या दिवसांत जवळपास कीटकनाशक फवारल्यास पिलांचें अन्नच नाहींसें होतें.

आतां दुसरी बाजू. शिंजीर आंब्यावरील बांडगुळाच्या फुलांतहि पराग पोंचवितो. मात्र त्याचें बीं पसरविणारा पक्षी दुसरा, फुलटोच्या. बांडगुळाचीं फळें पिकण्यापूर्वींच त्याच्या सांध्याच्या बरेंच खालून फांदी छाटावी. तासगांवकडील बागाईतदारांनीं हेंहि ध्यानीं ठेवावें कीं, शिंजीर प्रसंगीं पिकल्या द्राक्षास चोंच मारून रस पितो. त्यावर उपाय जाळीचा आहे, घरटें मोडण्याचा नव्हे.