₹ आहे का, ऱ्ह जुळतो का?

रहिमतपूरहून मिरजेच्या दिशेनं गाडीत बसलात की तारगाव, मसूर मागे पडतं आणि कऱ्हाड येतं. पाट्यांवर आता बहुधा ‘कराड’ असतं, पण ‘कऱ्हाड’ लिहिणारे हात अजून पुष्कळ आहेत. हे नाव मोबाइलच्या पडद्यावर नीट उमटतं तेव्हा आत काय काय घडलेलं असतं, ते एकदा थांबून पाहण्यासारखं आहे.

आपण सहा चिन्हं टाइप करतो: क, ऱ, पाय मोडायची खूण, ह, काना आणि ड. पडद्यावर मात्र ‘ह’ला डावीकडून बिलगलेला एक छोटासा वळसा दिसायला हवा. प्रत्येक चिन्हाला क्रमांक देणाऱ्या युनिकोडमध्ये साधा ‘र’ ०९३० क्रमांकावर बसतो. तो घेतला तर त्याचा रफार होऊन पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढतो. त्याला लागूनच, ०९३१ वर, ‘ऱ’ आहे; हा वळसा त्याच्याकडून मिळतो. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांत फरक एवढाच. गुऱ्हाळ, पायऱ्या, वऱ्हाड, शेतकऱ्यांना... या एका चिन्हावर मराठीचं केवढं काम अडलेलं आहे!

वळसा जुळवायचं काम दोघं मिळून करतात. एक म्हणजे हार्फबझ नावाचं मुक्तस्रोत सॉफ्टवेअर. अँड्रॉइड, क्रोम, फायरफॉक्स, लिबरऑफिस या सगळ्यांच्या पोटात ते असतं आणि अक्षरांची जुळणी करतं. दुसरा म्हणजे फॉन्ट. ‘ऱ’ आणि पायमोड एकत्र आले की कोणतं चित्र काढायचं, हा नियम फॉन्टच्या आतल्या कोष्टकात लिहिलेला असावा लागतो. तो लिहायचा राहिला तर अक्षरं कितीही देखणी असोत, ‘कऱ्हाड’ मोडकं दिसणार. आणि फॉन्ट एकटा नसतो. बारीक, मध्यम, ठळक अशी भावंडं असतात. एकात नियम आहे आणि दुसऱ्यात विसरला, असं सहज घडू शकतं.

मराठीचे बरेच चांगले फॉन्ट आज सर्वांसाठी खुले आहेत. मुंबईच्या ‘एक टाइप’ या गटाचे ‘मुक्त’ आणि ‘बलू’ गिटहब या संकेतस्थळावर त्यांच्या मूळ फायलींसह ठेवलेले आहेत. आयआयटी मुंबईची ‘शोभिका’ तर मुक्त परवान्यानं काय साधतं त्याचा उत्तम नमुना आहे. तिची देवनागरी राज्य मराठी विकास संस्थेच्या ‘यशोमुद्रा’वर बेतलेली आहे आणि रोमन अक्षरं अडोबीच्या ‘सोर्स सेरिफ’वर. महाराष्ट्राची एक शासकीय संस्था आणि अमेरिकेतली एक कंपनी यांचं काम एका फाइलीत नांदतं. हे शक्य होतं ते एसआयएल या संस्थेच्या ओपन फॉन्ट लायसन्समुळे. घ्या, बदला, वाटा. फक्त मूळ कर्त्यांचा हक्कनामा आणि परवाना सोबत राहू द्या, आणि बदललेला फॉन्टही याच परवान्याखाली द्या.

पण ‘सोबत राहू द्या’ हे पाळलं जातंय की नाही, ते पाहायचं कुणी? छापखान्यात मुद्रितशोधक असे. खुल्या रिपॉझिटरीत, म्हणजे फायलींच्या सामायिक कोठारात, रात्री दोन वाजता कुणीतरी बदल पाठवतो, पहाटे दुसरा कुणी. प्रत्येक बदलाशेजारी माणूस बसवणं अशक्य आहे.

तिथेच फॉन्ट आपोआप तपासणारी ‘फॉन्ट बेकरी’ ही व्यवस्था येते. गूगल फॉन्ट्सच्या संग्रहात नवे फॉन्ट लवकर दाखल करता यावेत म्हणून डेव्ह क्रॉसलंड यांनी २०१३ मध्ये हे काम सुरू केलं. २०१७ मध्ये लासे फिस्टर आणि फेलिपे सांचेस यांनी ते पायथन भाषेत नव्यानं रचलं. फॉन्टच्या रिपॉझिटरीत ही व्यवस्था एकदा बसवून ठेवली की पुढे कुणीही बदल पाठवला, तर गिटहबच्या ताफ्यातलं एक तात्पुरतं यंत्र जागं होतं, मूळ फायलींतून फॉन्ट नव्यानं घडवतं आणि तपासण्यांची माळ फिरवायला लागतं. परवान्याची फाइल जागेवर आहे का? हक्कनाम्याची ओळ ठरलेल्या नमुन्यात आहे का? फॉन्टच्या आत नोंदवलेला परवाना आणि बाहेरच्या फाइलीतला परवाना एकच आहे का? दस्तऐवजात फॉन्ट घालून पाठवायला मनाई करणारा आकडा चुकून चालू तर राहिला नाही ना? साधी मोकळी जागा आणि ओळ न तुटू देणारी मोकळी जागा, दोन्हींची रुंदी सारखी आहे का? कुठे उत्तीर्ण, कुठे इशारा, कुठे नापास. काम संपलं की अहवाल ठेवून ते यंत्र नाहीसं होतं.

या माळेतली मला सगळ्यात आवडलेली तपासणी ‘रुपी’ नावाची आहे. फॉन्ट भारतीय लिपीचा असेल तर त्यात ₹ आहे का, एवढंच ती पाहते. हे चिन्ह डी. उदयकुमार यांचं, त्यांचं डिझाइनचं शिक्षण आयआयटी मुंबईतच झालं. १५ जुलै २०१० रोजी केंद्र सरकारनं ते स्वीकारलं आणि त्याच वर्षी युनिकोडनं त्याला क्रमांक दिला. भारतीय भाषांच्या फॉन्टमध्ये ते असलंच पाहिजे, हा भारतीय मानक ब्युरोचा दंडक. सरकारी कागदावरचं ते एक वाक्य कुणीतरी पायथनच्या काही ओळींत उतरवलं. आता बर्लिनमध्ये बसून कुणी देवनागरी फॉन्ट केला आणि ₹ विसरला, तर त्याला तिथल्या तिथे कळतं. रहिमतपूरच्या बाजारात आल्याचा किंवा हळदीचा भाव मोबाइलवर वाचणाऱ्याला रिकामा चौकोन दिसू नये, याची काळजी अशी हजारो मैलांवर आधीच घेतली जाते.

याहून विलक्षण गोष्ट म्हणजे जवळपास प्रत्येक नियमाशेजारी त्याचं कारण लिहिलेलं असतं, आणि तो कोणत्या चर्चेतून सुचवला गेला त्याचा दुवाही. कार्यालयांत वर्षानुवर्षं चालणारे किती नियम असे असतात, की ते का केले हे कुणालाच सांगता येत नाही! इथे पटलं नाही तर त्याच चर्चेत जाऊन वाद घालता येतो, आणि पटवून दिलंत तर नियम बदलतो. धोरण स्वतःच मुक्तस्रोत झालं आहे. माझ्या मते यंत्राच्या वेगापेक्षा ही गोष्ट मोठी आहे.

फॉन्टपुरतंच हे चालतं असं नाही. ओपन एसएसएफ या संघटनेचं ‘स्कोअरकार्ड’ कोणत्याही खुल्या रिपॉझिटरीला शून्य ते दहा गुण देतं: दुसऱ्यानं वाचल्याशिवाय मुख्य शाखेत बदल शिरतो का, सुरक्षेची त्रुटी कुठे कळवायची ते लिहिलंय का, परवाना आहे का. पण अशा तपासण्यांना दिसतं ते नियमात बसवलेलंच. मार्च २०२४ मध्ये ‘एक्सझेड’ या लहानशा पण जगभर वापरल्या जाणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये चोरवाट सापडली. ती चाचणीच्या फायलींत दडवलेली होती. ती पकडली आंद्रेस फ्रॉइंड या माणसानं, कारण लॉगिनला साधारण अर्धा सेकंद जास्त लागतोय हे त्याला खटकलं. फॉन्टचंही तसंच. ‘ल’ची पाकळी डौलदार झाली की नाही, हे सांगणारी तपासणी नाही, तिथे डोळाच लागतो.

‘ऱ्ह’ मात्र नियमात बसतो. फॉन्ट बेकरीत अक्षरजुळणीच्या वेगळ्या तपासण्या आहेत. एका साध्या फाइलीत शब्द लिहायचा आणि त्यातून कोणती चित्रं कोणत्या क्रमानं यायला हवीत ते शेजारी नोंदवायचं. पुढे फॉन्टमध्ये कितीही बदल झाले तरी दर वेळी यंत्र तो शब्द हार्फबझकडून जुळवून घेतं आणि नोंदीशी ताडून पाहतं. कऱ्हाड, गुऱ्हाळ, दऱ्या असे शब्द त्या यादीत गेले की दुसऱ्याच कुठल्या दुरुस्तीत तो वळसा मोडला, तरी मोडका फॉन्ट लोकांच्या मोबाइलवर जाण्याआधीच अहवालात लाल शेरा येतो. यादीत शब्द सुचवायला प्रोग्रामर असावं लागत नाही. रिपॉझिटरीत ‘इश्यू’ म्हणून एक खुली नोंद करायची: कोणता फॉन्ट, कोणतं वजन (बारीक, मध्यम की ठळक), कोणता शब्द, दिसतो कसा, दिसायला हवा कसा, आणि सोबत पडद्याचा फोटो.