गोठ्यातला गॅस : भोर-वेल्ह्याचा हिशेब

भोर-वेल्हे म्हटलं की आपल्याला भाटघरचं पाणी, राजगड, तोरणा आठवतात. तिथल्या बाईला आठवतात आषाढातली ओली लाकडं. पाऊस कोसळत असतो, चूल पेटत नाही, डोळे चुरचुरतात. सिलिंडर आला खरा, पण तो भरून आणायला पैसे लागतात, म्हणून पुष्कळ घरांत तो पाहुण्यांच्या चहापुरता. गोठा असलेल्या घरांनी गोबरगॅसचा पुन्हा विचार करावा, असं आम्हांला वाटतं.

मात्र आधी हिशेब. दोन घनमीटरच्या संयंत्राला रोज सुमारे ५० किलो शेण आणि तितकंच पाणी लागतं. त्यावर पाच माणसांचा स्वयंपाक होतो. म्हैस दिवसाला साधारण १५ किलो शेण देते, गाय-बैल १०. म्हणजे चार-पाच जनावरं हवीत, आणि घोडं इथेच अडतं. मुलं पुण्याला कामाला गेली, बैल विकले, दावणीला एखादी म्हैस उरली. अशा घरानं मोठी टाकी बांधूच नये.

त्यांच्यासाठी वाट पुण्यातूनच निघाली. डॉ. आनंद कर्वे यांच्या ‘आरती’ संस्थेनं खरकटं, खराब धान्य अशा पिष्टमय पदार्थांवर चालणारं छोटं संयंत्र केलं. त्याला २००६ साली ब्रिटनचा अ‍ॅशडेन पुरस्कार मिळाला. असं दोन किलो खाद्य ४० किलो शेणाचं काम करतं, असं संस्था सांगते. शेण लागतं ते सुरुवातीला, विरजणासारखं. (ज्या घरात भात उरतच नाही, तिथे हेही फोल!) भाताचा पेंढा मात्र टाकू नये. तो लवकर कुजत नाही, वर तरंगून थर धरतो. त्यापेक्षा म्हशीच्या पोटात गेलेला बरा.

शेळ्या पाळणाऱ्यांनी लेंड्या भिजवून, कुस्करून घालाव्यात. बकरी ईदला ओझरीतला अर्धवट पचलेला चारा ओढ्यात फेकला जातो, तोही शेणासारखाच चालतो. रक्त आणि चरबी नको. शेणाच्या गॅसवरचं जेवण कसं खायचं, अशी कुरबुर दादी-नानी करतील. त्यांनीच जन्मभर गोवऱ्यांवर भाकरी भाजल्यात!

थंडीत जिवाणू मंदावतात आणि गॅस घटतो. तेव्हा शेण कोमट पाण्यात कालवावं. ज्योत फडफडली तर नळीत साचलेलं पाणी काढावं. बाहेर पडणारी मळी भाताच्या खाचराला द्यावी, तिच्यात नत्र टिकून असतं. अनुदानाची चौकशी पंचायत समितीच्या कृषी विभागात करावी, तीही पावसाळ्याआधी. खड्डा उन्हाळ्यातच खणावा लागतो.