ग्रामपंचायत ते जिल्हा परिषद : सदस्याच्या सेवेचे स्वरूप
(आखाडा बाळापूर परिसराच्या संदर्भात)

प्रस्तावना :

नांदेड-हिंगोली मार्गावरील आखाडा बाळापूर हे कळमनुरी तालुक्यातील बाजारपेठेचे गाव आहे. गावातील नाली व पथदिवे ग्रामपंचायतीच्या अखत्यारीत, प्राथमिक शाळा जिल्हा परिषदेची, तर तालुक्यातील योजनांची अंमलबजावणी पंचायत समितीकडे, अशी ही व्यवस्था आहे. सामान्य नागरिकाला मात्र हे तीन स्तर वेगळे दिसत नाहीत. अडचण आली की तो 'मेंबर'ला गाठतो. या मेंबरची सेवा म्हणजे नेमके काय, याचे विवेचन प्रस्तुत लेखात करण्याचा प्रयत्न केला आहे.

रचनेची पार्श्वभूमी :

वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवरून १९६१ चा जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम संमत झाला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या. बलवंतराय मेहता समितीने तालुका पातळीवर भर दिला होता. महाराष्ट्राने जिल्हा हाच सबळ घटक मानला. आमदार, खासदार व जिल्हाधिकारी यांना जिल्हा परिषदेबाहेर ठेवण्याचा निर्णयही त्याच विचारातून झाला. बाळापूरच्या दृष्टीने १ मे १९९९ ही तारीखही तेवढीच महत्त्वाची ठरते. त्या दिवशी हिंगोली जिल्हा परभणीपासून वेगळा झाला आणि येथील ग्रामस्थांचा जिल्हा मुख्यालयाचा परभणीचा फेरा टळला.

जिल्हा परिषदेची सदस्यसंख्या कायद्याने ५० ते ७५ ठरविली आहे. त्यामुळे हिंगोलीसारख्या लहान जिल्ह्यात एका गटात सरासरी २० हजारांच्या आसपास लोकसंख्या येते. पुणे जिल्ह्यात ती दुपटीहून अधिक आहे. येथील सदस्य मतदारांच्या अधिक जवळचा असतो. अर्थात, त्याला टाळाटाळही तितकीच अवघड जाते.

निधी की प्रश्न ?

सदस्याचे मोजमाप सर्वसाधारणपणे त्याने आणलेल्या निधीवरून होते. चौदाव्या वित्त आयोगाच्या काळात (२०१५-२०२०) मात्र आयोगाचे अनुदान थेट ग्रामपंचायतींना मिळाले आणि वरचे दोन्ही स्तर वगळले गेले. पंधराव्या आयोगाच्या काळात राज्यात ग्रामपंचायतीस ८० टक्के, तर पंचायत समिती व जिल्हा परिषदेस प्रत्येकी १० टक्के असे वाटप झाले. रस्ता किंवा नालीच्या कामासाठी सदस्याच्या हाती फारसे उरले नाही. लोकांची अपेक्षा मात्र तशीच राहिली.

प्रस्तुत लेखकाच्या मते सदस्याची खरी शक्ती निधीत नसून सभागृहात आहे. शाळेतील शिक्षकाचे पद रिक्त आहे, असे समजू. ग्रामपंचायत ठराव करू शकते, शिक्षक नेमू शकत नाही. ठराव गटशिक्षणाधिकाऱ्यांकडून शिक्षणाधिकाऱ्यांपर्यंत जातो आणि पुष्कळदा तेथेच थांबतो. अशा वेळी सदस्याने शिक्षण समितीत किंवा सर्वसाधारण सभेत प्रश्न उपस्थित केला, तर अधिकाऱ्यास उत्तर द्यावे लागते. ते इतिवृत्तात येते आणि पुढील सभेत त्याच्या अनुपालनाची विचारणा करता येते. या कामाचे उद्घाटन होत नाही, फलक लागत नाही. म्हणून त्याची दखलही घेतली जात नाही.

ही कार्यपद्धती आत्मसात करण्याची पाठशाळाही हीच. कळमनुरी तालुक्यातील राजीव सातव यांनी पंचायत समिती व जिल्हा परिषदेपासून प्रारंभ केला, २००९ मध्ये ते कळमनुरीचे आमदार आणि २०१४ मध्ये हिंगोलीचे खासदार झाले. २०२१ मध्ये त्यांचे निधन झाले. घराण्याचा राजकीय वारसा त्यांना होता, हे खरेच; तरीही सुरुवात खालच्या पायरीवरूनच झाली.

प्रशासकीय कालखंड :

२०१७ मध्ये निवडून आलेल्या सदस्यांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा प्रश्न न्यायप्रविष्ट असल्याने निवडणुका वेळेवर झाल्या नाहीत आणि मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांकडेच प्रशासकपद आले. कामे थांबली नाहीत, किंबहुना काही कामांना गतीही मिळाली असेल. परंतु ज्यांनी सभागृहात उत्तरे द्यावयाची, तेच आता सभागृहाच्याही जागी बसले होते. बाळापूरच्या पालकाला अर्ज करण्याची मुभा होती; त्या अर्जाचे काय झाले, हे सभेत उभे राहून विचारणारा त्याच्या गटाचा कोणी नव्हता.